आखाडा आणि दप्तर : मराठी मल्लविद्येच्या अभ्यासाचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

कुस्ती, मल्लखांब, लाठी, दांडपट्टा, विटा, फरीगदगा या ज्या विद्यांना आपण मल्लविद्या आणि मर्दानी खेळ अशा जोडनावाने ओळखतो, त्यांविषयीचा अभिमान महाराष्ट्रात जितका सार्वत्रिक आहे तितका त्यांच्या इतिहासाचा शोध सार्वत्रिक नाही. आणि जो शोध झाला आहे, तोही संस्कृत ग्रंथांचे संपादक, व्यायामप्रसारक, मोडी व फारसी दप्तरांचे वाचक आणि अलीकडचे मानवशास्त्रज्ञ अशा, एकमेकांशी क्वचितच बोलणाऱ्या मंडळींनी आपापल्या दालनात बसून केलेला आहे. या सर्वांच्या श्रमांतून काय निष्पन्न झाले, कोठे मतैक्य आहे आणि कोठे वाद अद्याप भिजत पडला आहे, याची एकदा रुजवात घालावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न वरकरणी साधा आहे. आज तालमीत जे शिकवले जाते ते किती जुने, ते कोणाकोणाकडून आले, कोणाच्या आश्रयावर टिकले आणि मुळात कशासाठी होते? हा प्रश्न लातूर जिल्ह्यातील औशाच्या बाजूने पाहण्यास एक विशेष कारण आहे. मल्लविद्येचे तपशीलवार वर्णन ज्या ग्रंथात सापडते तो 'मानसोल्लास' ज्या कल्याणीच्या चालुक्य दरबारात रचला गेला, ती कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, औशाहून आग्नेयेस दोन-तीन मजलांवर आहे. ईशान्येस नांदेड येथे खालशाची शस्त्रपरंपरा तीन शतके नांदत आहे. आणि ज्या हैदराबादच्या पहिलवानांचे नाव पुणे दरबारातल्या आख्यायिकांत येते, त्या हैदराबादच्या अमलाखाली हा सारा मुलूख १९४८ पर्यंत होता. तीन परंपरा जेथे एकत्र येतात, तो प्रदेशच या विषयाच्या लिखित इतिहासात जवळजवळ अनुपस्थित असावा, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

२. उपलब्ध साधने

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा ग्रंथ इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ११३० च्या सुमारास, सिद्ध झाला. राजाच्या विनोदांचे वर्णन करताना त्यात शस्त्रविनोद, अंकविनोद आणि मल्लविनोद अशी स्वतंत्र प्रकरणे येतात. मल्लांचे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग, वयानुसार भविष्णु आणि प्ररूढ असे भेद, त्यांना द्यावयाचा उडीद, मांस, दूध, दही, तूप यांचा खुराक, आणि व्यायामाचे निरनिराळे श्रम, म्हणजे ओझे घेऊन करावयाचा भारश्रम, पहाटे चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यात पोहण्याचा सलिलश्रम, बाहूंनी परस्परांस रेटण्याचा श्रम आणि खांबाशी करावयाचा स्तंभश्रम, असा हा तपशील इतका व्यवहारी आहे की लिहिणाऱ्याने आखाडा जवळून पाहिला होता, याविषयी शंका राहत नाही.

दुसरे महत्त्वाचे साधन 'मल्लपुराण' होय. ज्येष्ठीमल्ल या पेशाने मल्ल असलेल्या ब्राह्मण ज्ञातीचे हे पुराण सांडेसरा आणि मेहता यांनी संपादित करून बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या रचनाकाळाविषयी तेराव्यापासून सतराव्या शतकापर्यंत मते आहेत. या ज्ञातीच्या मल्लांना गुजरातेप्रमाणेच दक्षिणेतल्या दरबारांतही स्थान होते, आणि म्हैसूरच्या दसऱ्यातील वज्रमुष्टीचे युद्ध आजही त्यांच्याच वंशजांकडून होते.

याखेरीज अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त इराणी व तुराणी पहिलवानांबरोबर गुजरातचे मल्लही अकबराच्या पगारपत्रकावर असल्याची नोंद आहे. पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश याने विजयनगरच्या महानवमीतील मल्लयुद्धे पाहून लिहून ठेवली आहेत. आणि पेशवे दप्तरात पहिलवानांच्या नेमणुका व बक्षिसे यांच्या नोंदी विखुरलेल्या आहेत. अर्वाचीन काळात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यास बसून दहा खंडांत सिद्ध केलेला 'व्यायामज्ञानकोश' हे मराठीचे या विषयातील सर्वांत मोठे धन आहे. डाव, पेच, हत्यारे आणि तालमींच्या परंपरा यांचा जो संग्रह त्यात झाला तो पुढे कोणी त्या प्रमाणावर केला नाही.

३. पहिला पक्ष : अखंड परंपरा

या साधनांचा अर्थ लावताना अभ्यासकांचे तीन पक्ष पडतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की मल्लविद्या ही या भूमीत अखंडपणे चालत आलेली विद्या असून राज्ये बदलली तरी तिचा गाभा बदलला नाही. मानसोल्लासातला स्तंभश्रम आणि आजचा मल्लखांब, त्यातला खुराक आणि आजच्या पहिलवानाचा खुराक, त्यातले वयोभेद आणि आजच्या वस्तादाचे ठोकताळे यांत जे साम्य दिसते, ते या पक्षाचे मुख्य प्रमाण होय.

मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाची कथाही हाच पक्ष आग्रहाने सांगतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आव्हान घेऊन आले असता बाळंभटदादा देवधर यांनी सप्तशृंगीस जाऊन अनुष्ठान केले, तेथे त्यांना मारुतीच्या कृपेने खांबावरची विद्या अवगत झाली आणि तिच्या बळावर त्यांनी अलीस चीत केले, अशी ही आख्यायिका आहे. बाळंभटदादा पुढे बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्तास गेले आणि तेथून ही विद्या उत्तरेत पसरली, असे मानले जाते.

या पक्षाचे बळ असे की परंपरा चालवणाऱ्यांची स्वतःविषयीची समजूत त्यात प्रामाणिकपणे उमटते. त्याची अडचण अशी की बाराव्या शतकातला स्तंभ आणि अठराव्या शतकाअखेरचा खांब यांच्या दरम्यानच्या सहाशे-साडेसहाशे वर्षांचा सलग पुरावा अद्याप कोणी पुढे ठेवलेला नाही; आणि खुद्द आख्यायिकेतही विद्या जुनीच असल्यापेक्षा ती नव्याने लाभल्याचा सूर अधिक आहे.

४. दुसरा पक्ष : चाकरी आणि आश्रय

दुसरा पक्ष इतिहासकारांचा आहे. डर्क कोल्फ यांनी उत्तर हिंदुस्थानाविषयी १९९० मध्ये दाखवून दिले की मोगल काळात शेतकरी हा बहुधा हत्यार बाळगणारा होता आणि लष्करी चाकरी हा त्याच्या निर्वाहाचा एक नेहमीचा मार्ग होता. रोझलिंड ओ'हॅन्लन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच दृष्टीने लष्करी खेळांचा विचार केला. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा की कुस्ती, मुद्गल, पट्टा, लेझीम या साऱ्यांतून हिंदू-मुसलमान, दरबारी-ग्रामीण असे सर्व थर ओलांडणारी एक समान शिपाईगिरीची संस्कृती घडली, आणि चाकरीचा तो बाजार इंग्रजी अमलात बसला तेव्हा या खेळांचा अर्थही पालटला.

मराठी मुलखास हे विवेचन चांगले लागू पडते. बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा एकामागून एक अमलांत औशाचा भुईकोट किल्ला हातोहात फिरला. १६३६ मध्ये तो मोगलांकडे गेला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या मोहिमेत निजामास कोंडले ते याच परिसरात. अशा मुलखात शिलेदार, बारगीर आणि किल्ल्यावरची शिबंदी यांना हत्याराचा हात तयार ठेवणे भाग होते, आणि ज्याच्याकडे आज चाकरी तो धनी उद्या बदलू शकत असल्यामुळे विद्येलाही धर्माची वा दरबाराची हद्द राहिली नाही. आजही तालमीतला गुरू वस्ताद असतो, आणि त्याच तालमीत मारुतीची मूर्ती असते.

या पक्षाची मर्यादा त्याच्या साधनांतच आहे. दप्तरात नेमणूक, बक्षीस आणि खर्च सापडतो; पट कसा काढावा, पट्ट्याचा हात कसा फिरवावा हे सापडत नाही. विद्येचा बाह्य इतिहास त्यातून उभा राहतो, अंतरंगाचा राहत नाही.

५. तिसरा पक्ष : आधुनिक घडण

तिसरा पक्ष म्हणतो की आज आपण जिला परंपरा म्हणतो तिचे बरेचसे रूप एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याचा पूर्वार्ध या काळात घडले. १८७८ च्या हत्यार कायद्याने इंग्रजी मुलखात शस्त्र बाळगणे परवान्याचे झाले आणि जी विद्या रणांगणासाठी होती ती व्यायामशाळेत आली. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्यात तयार झालेल्या प्रोफेसर माणिकरावांनी तिला सांघिक कवायतीचे रूप दिले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम काढून योगाभ्यासास प्रयोगशाळेची जोड दिली. अमरावतीस १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि दादरला १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर निघाले. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी तालमींना आश्रय देऊन खासबागेचे मैदान उभारले. १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचा मान सुरू झाला.

जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांत राहून १९९२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात कुस्तीगिराचा देह हे ब्रह्मचर्य, आहार आणि राष्ट्रनिष्ठा यांचे एक नैतिक दर्शन असल्याचे मांडले, आणि या दर्शनावर आधुनिक काळाची मुद्रा कशी आहे हेही दाखवले. या पक्षाचा पुरावा विपुल आणि तारखांनिशी आहे. मात्र संस्थांची कागदपत्रे ज्यांची आहेत त्यांचाच इतिहास त्यात लिहिला जातो, आणि ज्या गावच्या तालमीला ना घटना होती ना इतिवृत्त, ती तालीम या हिशेबात धरलीच जात नाही.

६. चीनचा दाखला

याच वळणाचा वाद चिनी युद्धविद्येच्या अभ्यासात आपल्याकडच्यापेक्षा आधी आणि अधिक सखोलपणे झालेला असल्याने त्याची थोडक्यात ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल. शाओलिन मठाची विद्या हिंदुस्थानातून गेलेल्या बोधिधर्माने दिली आणि ताइची ही झांग सानफंग या योग्याने, ही समजूत तेथे दृढ होती. १९३० मध्ये तांग हाओ या संशोधकाने दोन्ही कथा ऐतिहासिक कसोटीस उतरत नाहीत असे दाखवले, आणि ताइचीच्या उगमाच्या शोधात तो चेन घराण्याच्या गावी जाऊन पोहोचला. पुढे मायर शहार यांनी २००८ मधील ग्रंथात दाखवले की तांग काळात, ६२१ मध्ये, शाओलिनच्या भिक्षूंनी युद्धात भाग घेतल्याचा शिलालेखी पुरावा आहे. परंतु बोधिधर्माशी व्यायामाचा संबंध जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे. म्हणजे कथा खोटी ठरली तरी मठाचे युद्धकर्म खरे ठरले, आणि कथा का निर्माण झाली हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला.

राष्ट्रीय पुनरुत्थानाच्या काळातही दोन्हीकडची वाटचाल समांतर आहे. शांघायची जिंगवू संस्था १९१० ची, नानकिंगची मध्यवर्ती संस्था १९२८ ची. आणि १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या निमित्ताने चिनी युद्धविद्येचे पथक आणि अमरावतीच्या व्यायाम मंडळाचे पथक, दोघांनीही आपापल्या देशाची विद्या जगापुढे मांडली. दोन्ही समाजांना त्या घटकेला दुर्बलतेचा कलंक पुसावयाचा होता. फरक एवढाच की चिनी अभ्यासकांनी पुढे गावोगाव जाऊन घराण्यांच्या पोथ्या, वंशावळ्या आणि डावांच्या याद्या जमवल्या. आपल्याकडे मुजुमदारांच्या कोशानंतर ते काम थंडावले.

७. मराठवाड्यातील मैदान

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा महाशिवरात्रीस लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत भरणारे कुस्त्यांचे मैदान पाहिले असता तिन्ही पक्ष एकाच हौद्यात उतरलेले दिसतात. प्रथम लहान पोरांच्या नारळावरच्या आणि रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. मग इनामाची रक्कम चढत जाते. दोन्हीकडचे वस्ताद अंगलट आणि वय पाहून जोड ठरवतात. हलगीचा ठेका वाढतो. मल्ल माती कपाळाला लावतो, शड्डू ठोकतो आणि सलामी देतो. शेवटची मानाची कुस्ती सुरू होईपर्यंत दिवस कलतो. तालमीतली माती चाळून तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद मुरवलेली असते, आणि ती भिजवणे, फावड्याने उकरणे हाच नव्या पोराचा पहिला व्यायाम असतो. ढाक, घिस्सा, कलाजंग, भारंदाज, मोळी, पट अशी डावांची नावे प्रेक्षकांतला शेतकरी मैदानाबाहेरून ओरडून सांगतो. पहिला पक्ष येथे मारुतीची उपासना आणि मातीचे पावित्र्य पाहील. दुसरा पक्ष देवस्थान, पाटील आणि पंच यांचा आश्रय व बक्षिसाची रीत पाहील. तिसरा पक्ष वजनगट, घड्याळ आणि ध्वनिक्षेपक पाहील. कोणाचेही पाहणे चुकीचे नाही.

आश्रयाचे केंद्र कोठे होते, यावर विद्येचा नकाशा कसा अवलंबून असतो हेही येथे स्पष्ट होते. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी आणि १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद झाले, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, आणि १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात त्यांनी सतपाल यांच्यावर मिळवलेला विजय आजही सांगितला जातो. परंतु घडले ते कोल्हापुरात, आणि पुढे वस्ताद म्हणून त्यांनी शिष्य घडवले ते पुण्यात. अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार हेही लातूर जिल्ह्यातलेच, आणि त्यांचीही कर्मभूमी पुणेच. माती या मुलखाची आणि तालीम दुसऱ्या मुलखाची, हा क्रम निजामी अमलात येथील तालमींना कोणता आश्रय होता या प्रश्नाकडे नेतो. आखाडा काढण्यावरचे निर्बंध हा १९३८-३९ च्या सत्याग्रहापूर्वी आर्य समाजाच्या तक्रारींतील एक मुद्दा होता, एवढे ज्ञात आहे. त्यापलीकडचा तपशील उर्दू व फारसी दप्तरांत शोधावा लागेल.

नांदेडची परंपरा याहून भिन्न आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये तेथे देह ठेवला, तेथील सचखंड हुजूर साहिब हे शीख पंथाचे तख्त आहे, आणि दसरा व होळीच्या सुमारास निघणाऱ्या हल्लाबोलाच्या मिरवणुकीत निहंग या शीख योद्ध्यांची शस्त्रे आणि गतका यांचे दर्शन मराठवाड्याला पिढ्यानपिढ्या घडत आले आहे. गतका आणि आपल्या लाठी-फरीगदग्यात जे साम्य दिसते ते शेजाराचे, समान लष्करी चाकरीचे की केवळ समान हत्याराचे, याचा तुलनात्मक अभ्यास व्हावयास हवा.

८. अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न सातत्याचा : मानसोल्लासातील स्तंभश्रमापासून मल्लखांबापर्यंतचा मार्ग दाखवणारी मधली साधने मिळत नाहीत तोवर दोहोंचे नाते संभाव्य आहे, सिद्ध नाही. दुसरा प्रश्न देवाणघेवाणीचा : जोरखाना या इराणी व्यायामशाळेची आणि आपल्या तालमीची साधने व रीती यांत पुष्कळ साम्य आहे, त्यातले कोणते इकडून गेले, कोणते तिकडून आले, आणि ज्येष्ठीमल्लांच्या जुन्या विद्येत त्याची भर कशी पडली, हे ठरावयाचे आहे. तिसरा प्रश्न हत्यारांचा : दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला, परंतु आज प्रात्यक्षिकांत फिरवले जाणारे पट्ट्याचे हात प्रत्यक्ष लढाईतले किती आणि मिरवणुकीसाठी नंतर रचले गेलेले किती, याची छाननी झालेली नाही.

चौथा प्रश्न समाजाचा. आखाड्यात जातीपातीचा विटाळ नसे असे एका बाजूने सांगितले जाते, तर खुराकाचा खर्च आणि फुरसत कोणाला परवडत असे याकडे दुसरी बाजू लक्ष वेधते. स्त्रियांचा प्रवेश तर अगदी अलीकडचा : महिलांसाठीची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीस झाली. पाचवा प्रश्न मातीचा आणि गादीचा. हेलसिंकीत १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले तेव्हापासून गादीवरच्या सरावाची निकड मांडली जाते, आणि गादीने डावांची संख्या व कुस्तीचा कालावधी दोन्ही आक्रसले असे मातीचे पक्षपाती म्हणतात. महाराष्ट्र केसरीत दोन्ही विभाग ठेवून तूर्त तडजोड साधली आहे.

औसा तालुक्यापुरता आणखी एक प्रश्न आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी, नव्या आखणीने वसली. वेस, पार, मारुतीचे देऊळ आणि त्याला लागून असलेली तालीम ही जुन्या गावठाणाची मांडणी होती. गाव उठला तेव्हा त्या तालमींचे आणि त्यांच्या वस्ताद-परंपरेचे काय झाले, याची नोंद करणारे लेखन व्हावयास हवे.

९. समारोप

एकंदरीत पाहता तीन पक्षांत जो विरोध भासतो तो बराचसा प्रश्नभेदामुळे आहे. 'किती प्राचीन' या प्रश्नाला पहिला पक्ष उत्तर देतो, 'कोणाच्या अन्नावर' या प्रश्नाला दुसरा, आणि 'आजचे रूप कधीचे' या प्रश्नाला तिसरा. आजवर पहिल्या प्रश्नाने अभ्यासकांचे लक्ष अवाजवी प्रमाणात खेचून घेतले, आणि विद्या प्रत्यक्ष ज्यांनी सांभाळली त्या वस्तादांची माहिती दप्तराबाहेर राहिली. चीनच्या उदाहरणावरून दिसते की दंतकथा बाजूला ठेवल्याने परंपरेची प्रतिष्ठा कमी होत नाही. ती अधिक पक्क्या पायावर उभी राहते.

तेव्हा करण्याजोगे काम उघड आहे. लातूर, नांदेड आणि धाराशिव जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांनी मिळून गावोगावच्या वृद्ध वस्तादांच्या कैफियती ध्वनिमुद्रित कराव्यात, त्यांच्याकडून डावांची नावे आणि गुरुपरंपरा उतरवून घ्याव्यात, यात्रा समित्यांच्या जमाखर्चाच्या वह्या मिळतील तेथे त्यांच्या नकला कराव्यात, आणि उर्दू-फारसी जाणणाऱ्या अभ्यासकांकडून हैदराबादच्या दप्तरातील आखाड्यांविषयीचे कागद मराठीत आणवावेत. कागद आणखी काही वर्षे टिकतील. वस्ताद टिकणार नाहीत. म्हणून या कामाचा आरंभ तालमीपासून व्हावा.